अपुऱ्या डावाची वाटणी

दोघे जण सारखी रक्कम मांडून खेळावयास बसतात. जो तीन डाव आधीं जिंकील त्यानें सर्व रक्कम घ्यावी असा ठराव होतो. एकानें दोन व दुसऱ्यानें एक डाव जिंकला असतां कांहीं कारणानें खेळ मोडतो. आतां मांडलेल्या रकमेची न्याय्य वाटणी कशी करावी? प्रश्न शाळेंतील मुलासही समजेल इतका साधा आहे. वरच्या इयत्तांच्या गणिताच्या पुस्तकांत नाणीं, फांसे व पत्ते यांचा वेष घेऊन तो आजही बसलेला असतो. परंतु ज्या उत्तरास आज परीक्षेंत दोन-चार गुण मिळतात, तें शोधण्यास युरोपांतील पंडितांस दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. ह्या विलंबाचें कारण आकडेमोडीच्या कठिणपणांत नव्हतें. तें विचाराच्या एका वळणांत होतें.

सन १४९४ मध्यें व्हेनिस येथें लुका पाचोली याचा अंकगणितावरील मोठा ग्रंथ छापला गेला. त्यांत चेंडूच्या एका खेळाचें उदाहरण आहे. साठ गुणांचा खेळ, एका पक्षाचे पन्नास व दुसऱ्याचे वीस गुण झाले असतां तो बंद पडला. पाचोलीनें व्यापारी भागीदारीचा नियम लाविला. ज्याचें जेवढें भांडवल तेवढा त्याचा नफा, त्याप्रमाणें ज्याचे जेवढे गुण तेवढा त्याचा वांटा. म्हणून पांचास दोन हें प्रमाण. सरळ पाहतां यांत वावगें कांहींच दिसत नाहीं.

निकोलो तार्तालिया यानें १५५६ सालीं ह्या नियमाचें वैगुण्य एका वाक्यांत उघडें केलें. एका पक्षाचे दहा गुण झाले आणि दुसऱ्याचा एकही झाला नाहीं, तर ह्या नियमानें पहिल्यानें सर्वच रक्कम न्यावी असें होईल! साठांच्या खेळांत दहांची आघाडी ती किती! तथापि तार्तालियालाही समाधानकारक नियम सांपडला नाहीं. हा प्रश्न गणिताचा कमी आणि न्यायनिवाड्याचा अधिक, असा त्याचा अभिप्राय पडला. तत्पूर्वीं १५३९ मध्यें कार्दानो यानें एक मर्माची गोष्ट हेरली होती: झालेले गुण पाहूं नयेत, जिंकण्यास किती उरले तें पाहावें. वाट बरोबर होती, पण त्याचें गणित चुकलें.

पुढें १६५४ सालीं मेरे नांवाच्या एका फ्रेंच सरदारी गृहस्थानें हा प्रश्न पॅरिस येथें ब्लेझ पास्काल याच्यापुढें ठेविला. पास्काल तेव्हां एकतीस वर्षांचा होता. त्यानें तुलूज येथील पिएर द फर्मा याच्याशीं पत्रव्यवहार सुरू केला. योगायोग असा, कीं फर्मा हा व्यवसायानें तेथील उच्च न्यायसभेचा सभासद होता. जो प्रश्न तार्तालियानें न्यायाधीशाकडे पाठविला, तो अखेर एका न्यायाधीशाच्याच हातीं आला. मात्र त्यानें तो गणितानें सोडविला.

२९ जुलै १६५४ च्या पत्रांत पास्कालनें आपली रीत मांडली. प्रत्येकीं ३२ सुवर्णनाणीं, एकूण ६४. आरंभीं सांगितल्याप्रमाणें एकाचे दोन डाव, दुसऱ्याचा एक. आणखी एकच डाव खेळला असता तर काय झालें असतें? पहिला जिंकता तर ६४ त्याचीं. हरता तर दोघे बरोबरीस येऊन ३२–३२ वांटून घेते. म्हणजे ३२ तर पहिल्याचीं कोणत्याही प्रसंगीं ठरलेलींच. उरलेल्या ३२ चा संशय. संशय दोघांस सारखा, म्हणून तीं निम्मीं. पहिल्यास ४८, दुसऱ्यास १६. झालेल्या गोष्टींचा हिशेब सोडून न झालेल्या गोष्टींचा हिशेब करावयाचा, हेंच तें वळण होय.

फर्माची रीत निराळी. समजा, पहिल्यास जिंकण्यास दोन डाव हवेत व दुसऱ्यास तीन. तर फार तर चार डावांत निकाल लागेलच. म्हणून चारही डाव खेळले असें मानावें आणि जयापजयाचे सर्व प्रकार लिहावे. ते सोळा होतात. त्यांतील अकरांत पहिला जिंकतो, पांचांत दुसरा. वाटणी अकरास पांच. हे सोळा प्रकार आपल्याकडील छंदशास्त्राच्या अभ्यासकास परके वाटणार नाहींत. चार अक्षरांच्या चरणांत लघुगुरूंचीं रूपें सोळाच, आणि दहाव्या शतकांतील हलायुधाच्या टीकेंत वर्णिलेल्या मेरुप्रस्ताराची ओळ १, ४, ६, ४, १ अशीच. सहा, चार व एक मिळून अकरा; चार व एक मिळून पांच. पास्कालच्या नांवानें जो त्रिकोण आज शिकविला जातो, तो हाच मेरु. आपल्याकडे तो वृत्तांच्या कामीं आला, तिकडे द्यूताच्या.

पण फर्माच्या रीतीवर रोबेर्व्हाल ह्या गणितज्ञानें आक्षेप घेतला. पहिल्यानें दोन डाव लागोपाठ जिंकले तर खेळ तेथेंच संपला. मग जे डाव कधीं खेळलेच जाणार नाहींत ते मोजावयाचे कां? खरोखर घडणारे शेवट लिहिले तर ते दहा भरतात, सहा पहिल्याचे व चार दुसऱ्याचे. मग वाटणी सहास चार कां नव्हे? शंका रास्त वाटते, पण हे दहा शेवट सारख्या वजनाचे नाहींत. दोन डावांत संपणारा शेवट सोळा प्रकारांपैकीं चारांस व्यापतो, तीन डावांचा दोहोंस, चार डावांचा एकासच. कल्पित डाव मोजावयाचे ते प्रकार समतोल व्हावेत म्हणून. वाटणी त्यानें बदलत नाहीं. हीच चूक शंभर वर्षांनीं, १७५४ मध्यें, दालांबेर यानें फ्रेंच विश्वकोशांत केली. नाणें दोन वेळ उडवून निदान एकदां छाप पडण्याचा संभव त्यानें तीनांत दोन मानिला. वस्तुतः तो चारांत तीन आहे.

खुद्द पास्कालही तीन खेळाडूंच्या उदाहरणांत अडखळला. एकास एक व इतर दोघांस दोन दोन डाव हवे असतां सत्तावीस प्रकार होतात. त्यांतील कांहींत दोघे जिंकलेले दिसतात, तेव्हां ही रीत येथें लागू नाहीं असें त्यास वाटलें. फर्मानें २५ सप्टेंबरच्या पत्रांत दाखविलें, कीं आधीं कोण जिंकला एवढें पाहिलें म्हणजे झालें: सतरा, पांच, पांच. पास्कालनें तें मोकळेपणानें मान्य केलें. पुढें १६५७ मध्यें हायगेन्स यानें ह्याच विचारावर एक पुस्तिका छापली, आणि तेथून विमा, आयुर्मान, मोजमापांतील चुका अशा विषयांपर्यंत ह्या शास्त्राच्या शाखा पसरल्या.

वर्गांत एखादा मुलगा 'छाप, कांटा-छाप, कांटा-कांटा' असे तीनच प्रकार मोजून तीनांत दोन हें उत्तर लिहितो, आणि त्याच्या उत्तरावर तांबडी रेघ बसते. रेघ योग्यच आहे. परंतु तो मुलगा मंदबुद्धि नव्हे. तो दालांबेरच्या पंक्तीस बसला आहे. त्यास सूत्र पाठ करावयास लावण्यापूर्वीं, 'हे तीन प्रकार सारख्या वजनाचे आहेत काय?' एवढाच प्रश्न विचारावा. दीडशें वर्षें पंडितांस चकविणारी गोष्ट मुलाच्या हातीं अर्ध्या तासांत यावी, ह्यासाठींच तर शाळा. पण ती उत्तराच्या रूपानें न येतां शंकेच्या वाटेनें यावी, एवढेंच मागणें आहे.