घड्याळाची साक्ष

वर्गातला दिवा लागत नसेल तर आपण आधी बटण पाहतो, मग दिवा बदलतो आणि शेवटी फ्यूजकडे वळतो. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे, ही दोष शोधण्याची साधी रीत आहे. पण पाहण्याची साधनेच दोषाबरोबर बंद पडली तर? लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या इतिहासात असा एक प्रसंग आहे.

वापरात नसलेल्या संगणकाला 'झोपवून' वीज वाचवता येते. स्मृतीला, म्हणजे रॅमला, तेवढा थोडा वीजपुरवठा चालू राहतो. पडदा, चकती, प्रक्रियक हे सारे बंद होते. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी यासाठी एपीएम नावाची पद्धत आणली. तिच्यात झोपवण्या-उठवण्याचा कारभार मुख्यतः बायोसकडे, म्हणजे संगणकात कायमच्या बसवलेल्या प्रोग्रामकडे असे. पण कोणते काम अर्धवट आहे, हे बायोसला कसे कळणार? म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक जाहीर केले. त्यात हा कारभार कार्यप्रणालीकडे आला.

लिनक्स ही अशीच एक कार्यप्रणाली. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली तिची सुरुवात केली. नव्या व्यवस्थेत प्रत्येक उपकरणाला झोपवणे आणि उठवणे ही त्याच्या ड्रायव्हरची जबाबदारी झाली. हे ड्रायव्हर जगभरच्या अनेकांनी लिहिलेले, कित्येकदा निर्मात्याची कागदपत्रे हाती नसताना. त्यातच अनेक निर्माते आपला संगणक फक्त विंडोजवर तपासून पाहत. परिणामी कित्येक संगणक लिनक्सवर झोपत, पण उठत नसत.

आता अडचण पाहा. जागे होताना एखादा ड्रायव्हर मध्येच अडकला, तर पडदा काळाच राहतो आणि कळफलक दाद देत नाही. चकती अजून उठलेली नसते, म्हणून तिच्यावर नोंद करता येत नाही. वीज तोडून संगणक पुन्हा सुरू करावा, तर स्मृती पुसली जाते. गुन्हा घडतो आणि सगळे पुरावे त्याच्याबरोबरच नाहीसे होतात!

एक साक्षीदार मात्र उरतो. संगणकातल्या घड्याळाला स्वतःचा छोटा घट असतो, त्यामुळे यंत्र बंद असतानाही ते चालत राहते. २००६ साली टोरवाल्ड्स यांनी याच घड्याळाचा वहीसारखा उपयोग केला. जागे होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर लिनक्सने एक संख्या काढायची आणि ती तारीख-वेळेच्या रूपात घड्याळात लिहायची. ही संख्या प्रोग्रामच्या कोणत्या ओळीवर आणि कोणत्या उपकरणापाशी काम चालू आहे, त्यावरून काढलेली असते. यंत्र अडकले की शेवटची नोंद तशीच राहते.

घड्याळात किती वेगवेगळ्या संख्या मावतील? १०० वर्षे, १२ महिने, २८ दिवस (फेब्रुवारीतही चालावे म्हणून), २४ तास, आणि तासातले ३-३ मिनिटांचे २० भाग. या सर्वांचा गुणाकार १,६१,२८,००० होतो. समजा १,२३,४५६ ही संख्या लिहायची आहे. १०० ने भागल्यावर बाकी ५६ उरते, ते वर्ष. आलेल्या १,२३४ या भागाकाराला १२ ने भागावे, बाकी १० उरते, तो महिना. पुढे २८, २४ आणि २० ने असेच भागत जावे. सेकंदांचे तास-मिनिटे करताना आपण हेच करतो.

मिनिटांचे ३-३ चे भाग का? कारण संख्या लिहिल्यावरही घड्याळ पुढे चालतच असते. म्हणून यंत्र अडकल्यावर सुमारे ३ मिनिटांच्या आत ते पुन्हा सुरू करावे लागते. सुरू होताच लिनक्स घड्याळ वाचते आणि जुळणाऱ्या ओळीचे व उपकरणाचे नाव दाखवते. घड्याळाची वेळ अर्थातच बिघडलेली असते. ती नंतर नीट लावावी लागते.

ही साक्ष अंतिम निकाल मात्र नव्हे. उपकरणांसाठी केवळ १,००९ सांकेतिक क्रमांक आहेत, त्यामुळे दोन उपकरणांचा क्रमांक एकच येऊ शकतो. घड्याळ संशयित दाखवते. मग त्याचा ड्रायव्हर काढून ठेवायचा आणि संगणक पुन्हा झोपवून पाहायचा. तो उठला तर संशय खरा. म्हणजे शेवटी आपण वर्गातल्या दिव्याच्याच रीतीवर येतो.

ही सोय लिनक्समध्ये आजही आहे. विद्यार्थ्यांना वरचे गणित जरूर करायला द्यावे आणि त्याबरोबर एक सवयही. काहीही बंद पडले की आपण 'काय बिघडले?' असे विचारतो. त्याच्या जोडीला 'अजून काय चालू आहे?' हेही विचारायला शिकवावे.