संगणक-विषाणूंची ओळख : रूपाकडून वर्तनाकडे

विषाणूरोधक संगणकप्रणालींचे ‘पारंपरिक’ व ‘आधुनिक’ असे दोन वर्ग करण्याचा प्रघात आहे. पहिला वर्ग विषाणूला रूपावरून ओळखतो, दुसरा वर्तनावरून, असे सांगितले जाते. हा भेद स्थूलमानाने बरोबर असला, तरी इतिहासाच्या कसोटीवर तो अपुरा ठरतो, एवढे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

१९८६ साली लाहोरमधून निघालेला ‘ब्रेन’ विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये ठाण मांडून बसे. अशा आरंभीच्या विषाणूंच्या प्रती बहुधा एकसारख्या असत. त्यामुळे त्यांतील एखादी बाइटमालिका ‘सिग्नेचर’ म्हणून नोंदवून ठेवावयाची आणि ती सर्वत्र शोधावयाची, एवढे पुरेसे होई. ही पद्धती कोशासारखी होय : ज्याची नोंद नाही, ते तिला अज्ञात.

१९८७ मधील ‘कॅस्केड’ने आपला देह कूटबद्ध केला, परंतु कूट उलगडणारा भाग तसाच राहिल्याने तो ओळखता येई. १९९० साली मार्क वॉशबर्न यांच्या ‘१२६०’ विषाणूने तो भागही दर प्रतीत पालटला. तेव्हा संशयित प्रोग्राम आभासी यंत्रात चालवून त्याला स्वतःच उलगडू द्यावयाचे, हा उपाय पारंपरिक प्रणालींनीच योजिला. म्हणजे रूपाच्या शोधातच वर्तनाचे निरीक्षण शिरले होते. त्याआधी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, रॉस ग्रीनबर्ग यांची ‘फ्लूशॉट प्लस’ ही प्रणाली संशयास्पद कृती होऊ लागताच ती थांबवून वापरणाऱ्याचीच अनुमती मागत असे. सारांश, वर्तनपरीक्षा ही कल्पना नवी नव्हे.

मग नवे काय? एक, निरीक्षणाचा व्याप. पत्रासोबत आलेला दस्तऐवज पॉवरशेल सुरू करतो, आणि पॉवरशेल बाहेरून आणलेला मजकूर थेट स्मृतीत चालवतो. येथे पॉवरशेल हा विंडोजचाच निर्दोष घटक. फाइलींत खूण शोधून काही हाती लागत नाही. दोष पदांत नसून अन्वयात असतो, आणि आधुनिक प्रणाली हा अन्वय तपासते. दुसरे, निर्णयाचा अधिकार. पूर्वी शंका वापरणाऱ्यापुढे मांडली जाई. आता असंख्य नमुन्यांवर घडविलेले गणिती प्रतिमान संभाव्यता ठरविते आणि बहुधा न विचारता कृती करते. सिग्नेचर जुळली की नाही, हे पडताळता येते. संभाव्यतेचा निर्णय तितक्या सहजपणे पडताळता येत नाही.

फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या निबंधातच याची मर्यादा दाखविली होती. एखादा प्रोग्राम परीक्षकालाच ‘मी विषाणू आहे काय?’ असे विचारून उत्तराच्या नेमके उलट वागू लागला, तर ते उत्तर खोटेच ठरणार. म्हणून प्रत्येक विषाणू अचूक ओळखणारी पद्धती असंभव होय. वर्तनपरीक्षाही यास अपवाद नाही.

अधिकार वाढला की चुकीचा आवाकाही वाढतो. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष अद्ययावतीकरणाने विंडोजवरील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, विमानसेवा व रुग्णालये खोळंबली. तेथे विषाणू नव्हता. होता तो रक्षकाला यंत्राच्या गाभ्यात दिलेला प्रवेश. यास्तव पारंपरिक व आधुनिक प्रणालींची तुलना करताना, कोण किती विषाणू पकडतो याबरोबरच, निर्णय कोण करतो आणि तो चुकल्यास कोणास पडताळता येतो, हा प्रश्नही विचारणे अगत्याचे आहे.