काट्याचा नायटा

घड्याळाच्या काट्याला इंग्रज 'हात' म्हणतो, हिंदीवाला 'सुई' म्हणतो. मराठी माणसाने मात्र पहिल्या भेटीतच त्याचा स्वभाव ओळखला आणि त्याला सरळ 'काटा' म्हटलं. बाभळीचा काटा पायात रुततो, हा मनात रुततो. फरक एवढाच, की बाभळीचा काटा सुईने काढता येतो.

शाळेत आपल्याला शिकवतात, 'लहान काटा तासाचा, मोठा काटा मिनिटाचा.' वयाचा दाखला मागितला तर हे साफ उलटं आहे. तासकाटा हा त्या घरातला आजोबा. मिनिटकाटा त्याच्या घरात जवळजवळ तीनशे वर्षांनी जन्माला आला आणि बघता बघता 'मोठा' म्हणवून घेऊ लागला. घराघरांतून जे चालतं तेच तबकडीवर चाललं, इतकंच.

युरोपात चौदाव्या शतकात मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळं बसली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांना काटा तर सोडाच, तोंडसुद्धा नव्हतं. इंग्लंडात सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३८६ च्या सुमाराचं मानलं जाणारं एक घड्याळ आहे. त्याला तबकडीच नाही. तासाला घंटा वाजवायची आणि गप्प बसायचं. पुढे तबकडी आली आणि तिच्यावर एकुलता एक काटा आला. दोन तासांच्या मधल्या जागेत चार घरं पाडलेली असायची. काटा कुठल्या घरात आहे ते पाहायचं आणि कामाला लागायचं. ही घड्याळं दिवसाकाठी पंधरा मिनिटं सहज इकडेतिकडे होत. म्हणजे मिनिटकाटा लावला असता तरी त्याने थापाच मारल्या असत्या.

हा काटा डावीकडून उजवीकडेच का फिरला? तर त्याच्या आधी हेच काम सावली करत होती. उत्तर गोलार्धात छायायंत्रावरची सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला आणि संध्याकाळी पूर्वेला जाते. यंत्राने त्या सावलीचा कित्ता गिरवला. देवळात आपण प्रदक्षिणा घालतो तीही याच दिशेने. 'घड्याळाच्या काट्याप्रमाणे प्रदक्षिणा घालावी' असं हल्लीची पुस्तकं सांगतात. खरं म्हणजे प्रदक्षिणा घड्याळाच्या कितीतरी आधीची. घड्याळानेच 'भाविकाप्रमाणे फिरावे' असं म्हणायला हवं. अर्थात अपसव्य करणारेही निघाले. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये १४४३ साली पाओलो उच्चेल्लो या चित्रकाराने रंगवलेली तबकडी आहे. तिच्यावरचा एकटा काटा उलटा फिरतो, चोवीस तास दाखवतो आणि दिवस सूर्यास्तापासून मोजतो. अजून चालू आहे.

या सुखी संसारात बिब्बा घातला तो ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने. लंबकाचा झोका नियमित असतो हे गॅलिलिओने हेरून ठेवलं होतं. हायगेन्सने १६५६ च्या अखेरीस लंबक घड्याळाला जुंपला आणि पुढच्या वर्षी त्याचं पेटंटही घेतलं. दिवसाकाठची पंधरा मिनिटांची चूक थोड्याच काळात पंधरा सेकंदांवर आली. घड्याळ खरं बोलू लागल्याबरोबर मिनिटकाट्याला नोकरी लागली.

घड्याळाच्या पोटातली व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. मिनिटकाट्याचा दांडा तासाला एक फेरा मारतो. त्याच्यावर एक पोकळ नळी चढवलेली असते आणि तासकाटा त्या नळीवर बसतो. मिनिटकाट्याच्या दांड्यावरचं लहान दातेरी चाक शेजारच्या तिप्पट दात्यांच्या चाकाला फिरवतं. त्या चाकाच्या अंगावरचं छोटं चाक चौपट दात्यांच्या चाकाला फिरवतं, आणि ते चाक नळीवर असतं. तीन चोक बारा. नातवाने बारा फेरे मारावेत तेव्हा आजोबांचा एक होतो. दोघांची गाठ पडते, पण हिशेबाने वाटते तशी दिवसातून चोवीस वेळा नाही. बावीस वेळाच पडते, कारण नातू एक फेरा मारून येईपर्यंत आजोबाही थोडे पुढे सरकलेले असतात. म्हातारी माणसं जागची हलत नाहीत हा निव्वळ तरुणांचा समज आहे.

मिनिटापाठोपाठ सेकंदाचा काटा आलाच. १७०७ साली सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने खास नाडी मोजण्याच्या घड्याळावर पुस्तक लिहिलं. तोपर्यंत छातीत धडधडतं एवढंच माणसाला ठाऊक होतं. आता किती धडधडतं ते कळलं, आणि ते कळल्यावर आणखी धडधडू लागलं. तरीही आजाऱ्याच्या उशाशी कोणी मनगट धरून त्या काट्याकडे बघत उभं असतं, तेव्हा सगळं घर श्वास रोखून त्या काट्याकडे बघतं. त्या वेळी त्याची चेष्टा करायची हिंमत होत नाही.

मिनिटकाट्याने मात्र भांडणं लावली. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात 'स्टँडर्ड टाइम' आला आणि मुंबईकरांना घड्याळं ३९ मिनिटं पुढे करायला सांगितलं गेलं. मुंबई पेटली. सूर्य आमचा, गिरणी आमची, मग वेळ सरकारची का? पुढे कित्येक वर्षं एकाच शहरात 'मुंबई टाइम' आणि 'स्टँडर्ड टाइम' सवतींसारखे नांदले. आता विचार करा, मनोऱ्यावर एकटा तासकाटा असता तर? ३९ मिनिटं म्हणजे त्याची दोन-अडीच घरं. आजोबांनी खाकरून जरा सरकून घेतलं असतं.

काट्यावर सूड उगवला तो पाखरांनी. १९४९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या बिग बेनच्या मिनिटकाट्यावर साळुंकीच्या जातकुळीतल्या पाखरांचा थवा येऊन बसला. चौदा फुटी काटा, पण त्यांच्या भाराने घड्याळ साडेचार मिनिटं मागे पडलं. ज्या घड्याळाला सगळं साम्राज्य टरकून होतं, त्याच्यावर त्यांनी पंख साफ करून घेतले.

आपल्याकडे बारीक मापं नव्हती असं नाही. घटका म्हणजे २४ मिनिटं, तिचा साठावा भाग पळ, म्हणजे २४ सेकंद. पण पळाची चौकशी लग्नात गुरुजी करत, तीसुद्धा पाण्यात घटिकापात्र सोडून. बुडाला भोक पाडलेली ती वाटी बुडाली की घटका भरली. मुहूर्त पळाचा गाठायचा आणि जेवणाची पंगत सावकाश तीन तासांनी मांडायची, हा तोल आपण सांभाळला होता.

आता तर काटेच निघून चालले आहेत. खिशातल्या फोनवर नुसते आकडे येतात, तीन सत्तेचाळीस. पण कोणी वेळ विचारली की तोंडातून काय निघतं? 'पावणेचार झाले.' सव्वा, साडे, पावणे! एकट्या काट्याच्या तबकडीवर जी चार घरं होती, नेमकी तीच आपल्या जिभेवर आहेत. ही मापं आपण कुठल्या घड्याळाकडून घेतलेली नाहीत, ती आपली आपल्याकडेच होती. मधली दोन-तीन मिनिटं आपण समोरच्याला अजूनही माफ करून टाकतो. मोठ्या काट्याने जग जिंकलं असेल, पण मराठी अजून लहान काट्याच्याच घरी नांदते आहे. त्या घरात उशिरा आलेल्या माणसाला किती मिनिटं झाली ते सांगत नाहीत, आधी पाणी विचारतात.