म्हाळुंगावरचा भुंगेरा

साल 1700. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत, पारामारिबोजवळच्या रानात तुम्ही उभे आहात. सदरा पाठीला चिकटलाय. पुढे कुऱ्हाडी चालताहेत. गुलाम म्हणून राबणारी माणसं काटेरी झाडी तोडून वाट करताहेत आणि त्यांच्या मागोमाग पन्नाशी उलटलेली एक बाई चाललीय : मारिया सिबिला मेरियन. स्वतःची चित्रं विकून, धाकट्या लेकीला सोबत घेऊन ती गेल्या वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमहून इथे आली, ती केवळ किड्यांसाठी. उसाचे मळेवाले तिची टिंगल करतात. साखर सोडून हिला हे भलतंच काय सुचलंय!

आता 1701 ओलांडा. आजारपणाने खंगून ती अ‍ॅम्स्टरडॅमला परतलीय. टेबलावर वाळलेला हार्लेक्विन भुंगेरा आहे. वाकून बघा, पण हात लावू नका, पाय मोडेल. काळ्या पाठीवर तांबडी-पिवळी नक्षी, लांबलचक मिशा आणि पुढचे पाय तर अख्ख्या अंगाहून लांब!

समोरच्या चर्मपत्राला आधीच पांढऱ्या रंगाचा हात दिलेला आहे. डिंकात घोटलेला रंग ती पाण्याने पातळ करते, पहिला हात वाळू देते, मगच दुसरा चढवते. पायांवरची बारीक नक्षी सगळ्यात शेवटी, कुंचल्याच्या टोकाने. त्याच चित्रातलं जाड सालीचं फळ तुम्ही चटकन ओळखाल. म्हाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच.

मेरियनचा शिरस्ता असा, की अळी, कोष, पतंग आणि त्यांचं झाड एकाच चित्रात यायला हवं. इथेही पतंगाबरोबर त्याची अळी आहे. भुंगेरा मात्र एकटाच. त्याची अळी खोडाच्या आत लाकूड पोखरत वाढते; ती या चित्रात आलेलीच नाही.

1705 मध्ये 60 चित्रांचं पुस्तक निघालं. पुढे सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने कित्येक प्रजाती नोंदवताना याच चित्रांचा आधार घेतला. या चित्रांची जलरंगातली एक मालिका आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. आपल्या नोकर-गुलामांनी किडे आणून दिले, झाडांची माहिती सांगितली, हे मेरियनने पुस्तकात मोकळेपणाने लिहिलं. त्यांची नावं मात्र लिहिली नाहीत.