संदर्भाचं अर्धायुष्य

देशी पऱ्हाटीचं शास्त्रीय नाव गॉसिपियम आर्बोरियम. त्यापुढे ‘एल.’ हे अक्षर असतं. ते लिनिअसचं, नाव त्याने १७५३ साली दिलं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आज कुणी या पिकावर प्रबंध लिहिला, तरी पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा हा दाखला टळत नाही. गुलाबी बोंडअळीची गोष्ट वेगळी. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं आणि पुढे अळी दोन्हींना पुरून उरली. बीटीने अळी आटोक्यात राहते, असं सांगणारा तेव्हाचा निबंध आज फवारणीच्या सल्ल्याला चालत नाही.

संदर्भांचं वय मोजायची गरज आधी ग्रंथालयाला पडली. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस यांच्यापुढे प्रश्न होता, मोजक्या पैशांत रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? त्यांनी एका नामांकित नियतकालिकातले संदर्भ मोजले आणि ते कुठले, कोणत्या सालचे याचा हिशेब मांडला. ‘अर्धायुष्य’ हा शब्द मात्र किरणोत्सर्गाच्या शास्त्रातून आला. बर्टन आणि केबलर यांनी १९६० मध्ये तो आपल्या निबंधाच्या शीर्षकातच घातला. रीत सोपी आहे: संदर्भ सालवार लावायचे आणि नव्याकडून मोजत निम्म्यावर थांबायचं. तिथवर जितकी वर्षं मागे गेलो, तितकं अर्धायुष्य. धातुशास्त्राचं निघालं ३.९ वर्षं, भौतिकशास्त्राचं ४.६, वनस्पतिशास्त्राचं १०, भूशास्त्राचं ११.८. रेडियमसारखं ज्ञान झिजत नाही, त्याचा वापर कमी होतो, हेही त्यांनीच बजावलं होतं.

कपाटात कोणते अंक ठेवायचे, एवढ्यासाठी निघालेलं हे माप पुढे लिहिणाऱ्याच्या अंगावर आलं. ‘संदर्भ गेल्या पाच वर्षांतलेच हवेत’ असा आग्रह आता सर्रास धरला जातो. मला तो चुकीचा वाटतो. जनुकांवरच्या कामाला तो कदाचित शोभेल. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीत कोरडवाहू पऱ्हाटीवर काम करायचं, तर जुन्या हंगामांच्या नोंदी लागतातच. गेलेला दुष्काळ पुन्हा मोजता येत नाही.

अकोला-अमरावतीच्या गाइड मंडळींना म्हणूनच विनंती आहे: संदर्भ जुना म्हणून खोडण्याआधी, त्याने प्रबंधात कोणतं काम केलंय ते विद्यार्थ्याला विचारा.