पाटी काढलेलं वायफाय

मंडळी, दारावरची पाटी काढून ठेवली म्हणून घर काही नाहीसं होत नाही. दूधवाला येतो, पेपरवाला येतो, आणि ज्याला खरोखरच चोरी करायची आहे तो तर पाटी वाचायला थांबतच नाही. पंचाईत होते ती फक्त पाहुण्यांची. वायफायच्या दुनियेत ही पाटी काढायची पद्धत गेली पंचवीस वर्षं टिकून आहे, आणि पाहुण्यांमध्ये सगळ्यात जास्त हाल झाले ते आम्हा लिनक्सवाल्यांचे. आज त्याचाच इतिहास. (घरच्या मंडळींनी लगेच पान बंद करू नये, सोपं करून सांगतो!)

सुरुवात 1997 साली झाली. आयईईई या संस्थेने त्या वर्षी बिनतारी नेटवर्कचं 802.11 हे मानक प्रसिद्ध केलं. प्रत्येक नेटवर्कला एक नाव असावं, ते जास्तीत जास्त 32 बाइटचं असावं, असं त्यात ठरलं. हेच ते एसएसआयडी. आपल्या घरातला राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटासा संदेश हवेत सोडत असतो, त्याला बीकन म्हणतात. गल्लीत भाजीवाला ओरडत जातो ना, तसंच. "मी अमुक, मी अमुक, मी इथे आहे." लॅपटॉप ते ऐकतो आणि आपल्याला नावांची यादी दाखवतो.

लक्षात घ्या, हे नाव फक्त ओळखण्यासाठी होतं. ते गुपित असावं असं मानक लिहिणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. पण ल्यूसेंट कंपनीने आपल्या उपकरणांत 'क्लोज्ड नेटवर्क' नावाची स्वतःची सोय दिली. बीकन चालू ठेवायचा, पण नावाची जागा रिकामी ठेवायची. ज्याला नाव माहीत आहे त्यानेच आत यावं, ही कल्पना. हळूहळू ही सोय बहुतेक सगळ्या राउटरांत आली.

आता गंमत बघा. भाजीवाल्याने ओरडणं बंद केलं, तर गिऱ्हाईकाने काय करायचं? त्याला नावाने हाक मारायची! लॅपटॉप नेमकं तेच करतो. "अमुक, तू इथे आहेस का?" असा प्रश्न तो हवेत सोडतो, आणि राउटर लगेच "हो, मीच तो अमुक" असं उत्तर देतो. प्रश्नात नाव उघडं, उत्तरात नाव उघडं, आणि नंतर जोडणी करताना लॅपटॉप जो अर्ज पाठवतो त्यातही नाव उघडंच. पासवर्डचं कुलूप कितीही मजबूत असो, ही बोलाचाली कुलपाच्या बाहेर चालते.

मेरीलँड विद्यापीठातल्या आर्बॉ, शंकर आणि वॅन या तिघांनी मार्च 2001 मध्येच एका निबंधात हे दाखवून दिलं होतं. डिसेंबर 2003 मध्ये रॉबर्ट मॉस्कोविट्झ यांनी एसएसआयडी लपवण्याच्या भ्रमावर वेगळा लेखच लिहिला. किस्मेट नावाची एक मुक्त प्रणाली तर गुपचूप ऐकत बसते, आणि कोणी त्या नेटवर्कला जोडलं गेलं की लपलेलं नाव पडद्यावर दाखवते. (आपली 'किस्मत'च ती!) म्हणजे 2003 च्या अखेरीस हा विषय जाणकारांपुरता संपला होता. पण जाणकारांचा विषय संपला म्हणून लोकांचा संपतो असं नाही.

आता लिनक्सकडे वळू. लिनक्सवर बिनतारी नेटवर्कसाठी 1996 पासून ह्यूलेट पॅकार्डच्या मदतीने जाँ तुरिल्ह यांनी 'वायरलेस एक्स्टेन्शन्स' उभे केले. आयडब्ल्यूकॉन्फिग आणि आयडब्ल्यूलिस्ट हे जुन्या लोकांना आठवणारे आदेश त्यातलेच. खरी अडचण होती ती ड्रायव्हरची. मार्च 2003 मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय आतच बसवलेलं मिळू लागलं, पण त्याच्या लिनक्स ड्रायव्हरचं काम मुक्तपणे सुरू व्हायला 2004 उजाडलं. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी तर स्वयंसेवकांनी उलट्या बाजूने उकल करून ड्रायव्हर लिहिला. तो 2006 मध्ये 2.6.17 या कर्नेलमध्ये आला. कंपनीने स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर 2010 मध्ये. मधल्या काळात एनडीआयएसरॅपर वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात बांधायचा, असा संसार चालायचा.

आता प्रत्येक ड्रायव्हर हाक मारण्याचं काम आपापल्या पद्धतीने करणार. कोणी नावाने हाक मारायचा, कोणी नुसतंच "कोणी आहे का?" असं विचारायचा. आणि पाटी काढलेला राउटर "कोणी आहे का?" ला सहसा नाव सांगत नाही.

फिनलंडचे यौनी मालिनेन यांनी 2003 पासून लिहिलेला डब्ल्यूपीए सप्लिकंट हा कार्यक्रम इथे महत्त्वाचा. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'स्कॅन_एसएसआयडी' नावाची एक ओळ असते. तिची किंमत शून्य असेल तर नावाने हाक मारली जात नाही, एक असेल तर मारली जाते. आणि आपण काही लिहिलं नाही तर ती शून्य! यात खोडसाळपणा काही नाही. प्रत्येक नावाने वेगळी हाक मारायची तर शोधायला वेळ जास्त लागतो, म्हणून गरज असेल तरच ती चालू करावी असा तो विचार. पण हे माहीत नसलेल्या कितीतरी लोकांनी त्या एका शून्यापायी लिनक्सला नावं ठेवली असतील.

आता आपल्याकडची गोष्ट. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी 2005 मध्ये घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाला आणि वायफाय पसरू लागलं. पण पाटी काढायची लाट आली ती भीतीमुळे. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पोलीस आधी त्याच्याच दारात गेले. जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम जाहीर केली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना पाठवल्या. प्रत्येक घरात एकच प्रश्न, "आपल्या वायफायवरून कोणी काही केलं तर?"

ठाण्याचा माझा आतेभाऊ (आम्ही त्याला दादाच म्हणतो) त्या दिवसांत खरोखर हादरला होता. घरात दोन शाळकरी मुलं, शेजारी सतत बदलणारे भाडेकरू. त्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून राउटरचं नाव लपवलं आणि निर्धास्त झाला. मी गेलो तेव्हा त्याचा विंडोजवाला लॅपटॉप मजेत चालत होता आणि माझ्या लिनक्सला काही दिसेना. "काय रे तुझं ते फुकटचं लिनक्स!" इति दादा. मी ती एक ओळ लिहिली, शून्याचा एक केला, आणि जोडणी झाली. वहिनींचा चहा यायच्या आत.

पण जोडणी होताना दिसलं ते जास्त काळजीचं होतं. कुलूप होतं डब्ल्यूईपी जातीचं. ते कुलूप 2001 मध्येच फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांच्या संशोधनाने खिळखिळं झालं होतं, आणि 2009 पर्यंत काही मिनिटांत उघडत होतं. म्हणजे दादाने पाटी काढली होती आणि दाराला सुतळी बांधली होती! त्याला म्हटलं, "दादा, पाटी लाव परत, पण कुलूप बदल." संध्याकाळी आम्ही राउटरवर डब्ल्यूपीए2 चालू केलं आणि लांबलचक पासवर्ड ठेवला. त्याला खात्री पटायला मात्र दोन चहा लागले.

त्याला शेवटी पटलं ते एका वेगळ्याच मुद्द्यावर. ज्या लॅपटॉपला पाटी नसलेल्या घरी जायची सवय लागली, तो बाहेरही हाका मारत फिरतो. दादर स्टेशनवर, ऑफिसात, हॉटेलात, सगळीकडे "अमुक, तू इथे आहेस का?" म्हणजे घरचं नाव लपवायला गेलो आणि ते गावभर करून आलो.

आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. 2004 मध्ये रेड हॅटने सुरू केलेला नेटवर्क मॅनेजर आज बहुतेक वितरणांत असतो आणि त्यात 'लपलेल्या नेटवर्कशी जोडा' असा पर्यायच असतो. 2007 च्या 2.6.22 कर्नेलपासून ड्रायव्हरांना मॅक80211 हा सामाईक पायाही मिळाला. तरीही अडलं तर या क्रमाने बघा. वायफायचं बटण बंद नाही ना? नाव अक्षर न् अक्षर बरोबर आहे ना, लहानमोठी लिपी आणि मधली मोकळी जागा धरून? जोडणीच्या सेटिंगमध्ये 'लपलेलं' अशी खूण आहे ना? कुलपाचा प्रकार तोच निवडला आहे ना? आणि शेवटचं, राउटर 5 गिगाहर्ट्झच्या रडारसाठी राखलेल्या चॅनेलवर तर नाही ना? तिथे लॅपटॉपला आधी बोलायची परवानगीच नसते. राउटर नाव सांगत नाही, लॅपटॉप विचारू शकत नाही, दोघंही गप्प! अशा वेळी चॅनेल बदलणं उत्तम.

मला या सगळ्यात एक गोष्ट नेहमी जाणवते. भीती वाटली की माणूस आधी लपतो, कारण लपणं सोपं असतं आणि लगेच बरं वाटतं. कुलूप बदलायला राउटरचं ते किचकट पान उघडावं लागतं, नवा पासवर्ड घरात सगळ्यांना सांगावा लागतो. ते कोण करणार! पण संरक्षण मिळतं ते तिथेच.

असो. या रविवारी नातेवाइकांपैकी ज्यांनी पाटी काढली असेल त्यांनी ती परत लावावी, डब्ल्यूपीए2 किंवा 2018 मध्ये आलेलं डब्ल्यूपीए3 चालू आहे का ते बघावं, आणि अडलं तर मला फोन करावा. चहा मात्र हवा :-)