फरिश्ते, गोचीड आणि चौदा इंजेक्शनं

गेल्या पावसाळ्यात माझी लेक शाळेतून येताना पिल्लू घेऊन आली. तांबूस रंगाचं, भिजलेलं, दीडेक महिन्याचं. आम्ही कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. अम्मीनं दारातच अडवलं. "अल्ला के वास्ते, बाहर रख उसको." मग पुढचं वाक्य, जे आमच्याकडं प्रत्येक घरात पाठ असतं : कुत्रा असेल त्या घरात फरिश्ते येत नाहीत.

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मला उत्तर सुचलं नाही, म्हणून पिल्लाला जिन्याखाली खोक्यात ठेवलं आणि मी पुस्तकं काढून बसलो. सवय आहे. घरात भांडण झालं की मी इतिहासात जातो.

फरिश्त्यांची हदीस आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच हदीससंग्रहांत शिकारीचा, कळपाचा आणि शेताच्या राखणीचा कुत्रा ठेवायला मुभा आहे. तहानेनं ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून बुटात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला माफी मिळाल्याची गोष्टही बुखारीतच आहे. कुरआनच्या सूरह कहफमध्ये गुहेत झोपी गेलेल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही आहे, उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. त्यांची संख्या किती यावर लोक वाद घालतात तेव्हा दर वेळी कुत्राही मोजला जातो.

फिकहच्या पंथांमध्येही एकमत नाही. इमाम मालिक यांच्या पंथात कुत्रा पाक मानतात. हनफींकडं त्याची लाळ नापाक, अंग नाही. शाफईंकडं सगळाच कुत्रा नापाक, आणि त्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं. पुण्यात बहुतेक मुसलमान हनफी, कोकणातले शाफई. त्यामुळं आमच्या इमारतीत कुत्र्यावरून वाद झाला की तो दोन मजल्यांवर दोन वेगळ्या नियमांनी चालतो, आणि भांडणाऱ्यांना ते ठाऊक नसतं.

मला जास्त रस वाटला तो प्रशिक्षणाच्या चर्चेत. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या कुत्र्यानं पकडून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. लगेच प्रश्न येतो : कुत्रा 'शिकलेला' आहे हे ठरवायचं कसं? सोडला की जातो, थांबवला की थांबतो, आणि धरलेली शिकार स्वतः खात नाही, ही परीक्षा. 'हिदाया' या हनफी ग्रंथात मतभेदही नोंदवलेत. अबू हनीफांचे दोन शिष्य म्हणतात, तीन वेळा शिकार न खाता सोडली तर तो शिकलेला समजावा. खुद्द इमामांनी तो निर्णय शिकाऱ्याच्या अनुभवावर सोडला. बाजपक्ष्यासाठी मात्र वेगळी कसोटी, हाक मारली की परत येतो का एवढीच. म्हणजे लिहिणाऱ्यांनी किंवा ज्यांना विचारून लिहिलं त्यांनी कुत्रा आणि बाज दोन्ही जवळून पाहिले होते. कुत्र्याला तोंड आवरायला शिकवता येतं, हे त्यांना माहीत होतं.

नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिजनं 'किताब अल-हयवान'मध्ये कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा यावर लांबलचक वाद रंगवला. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादच्या इब्न अल-मर्जुबाननं तर पुस्तकाचं नावच असं ठेवलं की कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे बरे. अम्मीला हे सांगितलं. ती म्हणाली, बगदादमध्ये ठेवू दे त्याला.

मग हिंदुस्थान. अबुल फजलच्या 'आइन-ए-अकबरी'त कुत्र्यांसाठी स्वतंत्र नोंद आहे. बादशहा देशोदेशीचे कुत्रे मागवायचा, काबूलकडचे, विशेषतः हजारा भागातले, उत्तम समजले जात. खासगीतल्या कुत्र्याला रोज दोन शेर मांस, इतरांना दीड शेर. दोन ताजी कुत्र्यांमागं एक नोकर, त्याला महिना शंभर दाम. जहांगीरचा थाट आणखी वेगळा. टॉमस रो याच्या वकिलातीच्या काळात इंग्लंडहून मास्टिफ कुत्रे आले, तर त्यांना मिरवायला पालख्या, वारा घालायला नोकर, आणि बादशहानं स्वतःच्या हातानं भरवण्यासाठी चांदीचा चिमटा घडवून घेतला, असं रोचा पाद्री एडवर्ड टेरी लिहितो. बादशहांचे लाड फार मनावर घेऊ नयेत. माझं लक्ष त्या शंभर दामवाल्या नोकराकडं जातं. कान साफ करणं, गोचीड वेचणं, जखमेवर लेप लावणं हे सगळं त्यानं केलं असणार, आणि त्याचं नाव कुठंच नाही.

दख्खनमध्ये ही परंपरा भाषेत उरली आहे. आपल्याकडच्या उंच, सडपातळ, पोट आत ओढलेल्या शिकारी कुत्र्याला सोलापूर-लातूरकडं 'कारवानी' म्हणतात. कारवान म्हणजे फारसीत व्यापाऱ्यांचा तांडा. त्याच जातीत कानाशेपटीला लांब केस असतील तर 'पश्मी'. पश्म म्हणजे लोकर. 'ताजी' आणि खुद्द 'शिकारी' हे शब्दही तिकडूनच आलेले. खेड्यातला मराठा, धनगर, मुसलमान, सगळे हेच शब्द वापरतात आणि कुणालाही ते परके वाटत नाहीत. मुधोळचे घोरपडे मुळात आदिलशाहीचे सरदार. त्यांच्या संस्थानात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजे मालोजीराव यांनी ही जात निगुतीनं सांभाळली, एक जोडी पंचम जॉर्जलाही भेट दिली, आणि मग तिचं नाव 'मुधोळ हाउंड' पडलं. २००५ साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, असं सांगतात.

तेव्हा प्रश्न असा उरतो : एवढं सगळं असताना आमच्या घरांत कुत्र्याबद्दल एवढी धास्ती का?

तीन-चार दिवस मी अम्मीला असे दाखले ऐकवत राहिलो. चौथ्या दिवशी तिनं तांदूळ निवडता निवडता मला थांबवलं आणि विचारलं, "तुझ्या चाचाचं माहीत आहे ना?"

मला एवढंच माहीत होतं की अब्बांचा एक भाऊ लहानपणी वारला. अम्मीनं बाकीचं सांगितलं. १९७४ साल, इंदापूर तालुका. ती लग्न होऊन नुकती त्या घरात आलेली. घरचंच कुत्रं, अकरा वर्षांच्या चाचाच्या हाताला चावलं. जखमेत चुना आणि तिखट भरलं. तालुक्याला नेलं, तर तिथं लस नव्हती, पुण्याला जा म्हणाले. पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक. म्हणजे दोन आठवडे पुण्यात राहायचं, मजुरी बुडवून. कुणीतरी सांगितलं की शेजारच्या गावात एकजण मंतरलेलं पाणी देतो. जखम भरली. सगळे विसरले. महिना-दीड महिन्यानं पोराला ताप आला आणि पाणी प्यायला अम्मीनं पेला पुढं केला तर तो भिंतीकडं सरकला.

"पेला मीच दिला होता," ती म्हणाली. फरिश्त्यांचा विषय तिनं त्यानंतर काढला नाही.

त्या रात्री मी पुन्हा पुस्तकांकडं गेलो, पण वेगळ्या. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या जनावराच्या दंशानंतर पाण्याला घाबरणाऱ्या रोग्याचं वर्णन आहे, आणि असा रोगी वाचत नाही हेही. इब्न सीनानं 'कानून'मध्ये पिसाळलेला कुत्रा कसा ओळखावा आणि चावलेल्याला काय होतं हे लिहिलं. लक्षणं दोघांनाही नेमकी कळली होती. उपाय एकाकडंही नव्हता.

राज्यकर्त्यांचा उपाय कुत्री मारणं हा होता. मुंबईत कंपनी सरकारनं वर्षातले ठराविक आठवडे बेवारस कुत्री मारायला नेमून दिले होते. १८३२ मध्ये मुदत वाढवली आणि शिपाई घराघरांजवळून कुत्री ओढून नेऊ लागले, तेव्हा ६ जूनला पारशी रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, इतर समाजही सामील झाले. शहराच्या इतिहासातली ती पहिल्या दंगलींपैकी एक, आणि ती कुत्र्यांसाठी झाली.

खरा उपाय ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये आला. लुई पाश्चरनं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला लस दिली. त्यानंतर हिंदुस्थानातल्या ज्या साहेबांना परवडे, ते चावलं की बोटीनं पॅरिसला जात. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, १९०७ मध्ये कुन्नूरला. पुण्याच्या माणसाला दोन्ही दूरच. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली, ती स्वस्त होती आणि देशभर गेली. पोटातली चौदा इंजेक्शनं ती हीच. वेदना तर होत्याच, क्वचित मज्जासंस्थेवर गंभीर परिणामही होत. भारतात ती २००४ अखेर बंद झाली आणि पेशींवर वाढवलेल्या नव्या लसी पूर्णपणे आल्या. चाचाला चावलं ते पाश्चरच्या लसीनंतर नव्वद वर्षांनी.

आमच्या घरांतली धास्ती मला आता बरीचशी अशी दिसते. हदीस तोंडात असते, पोटात असतो तो पेला. शिकार गेली, कळप गेले, कुत्र्याला शिकवायची आणि निगा राखायची विद्या गेली, भीती तेवढी शिल्लक राहिली. सात वेळा धुण्याच्या नियमात विषाणूशास्त्र शोधणारे संदेश मलाही येतात. मी ते पुढं पाठवत नाही; त्या नियमाचा हेतू पाकीचा आहे, आणि चाचाच्या हाताला कुणी साधं पाणीसुद्धा लावलं नव्हतं.

आता करायचं काय हे मात्र स्पष्ट आहे. कुत्रं चावलं, ओरबाडलं, जखमेवर चाटलं तरी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, चुना-तिखट-हळद काही नाही, पट्टी आवळायची नाही, आणि त्याच दिवशी लस. आता ती दंडात देतात. सरकारी दवाखान्यांत साधारणपणे पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते मागून घ्या. लक्षणं दिसल्यावर लसीचा उपयोग नाही. कुत्रा घरचा आहे, ओळखीचा आहे, म्हणून थांबू नका. चाचाचाही घरचाच होता.

पिल्लाचं नाव शेरू ठेवलं. अम्मीनं अट घातली, सुई टोचल्याशिवाय उंबऱ्याच्या आत नाही. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांनी, त्यामुळं तोवर तो दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये, आणि त्याची लाळ लागली की हात धुणं सगळ्यांना सक्तीचं. सप्टेंबरात त्याच्या कानात गोचीड झाले. पुण्यात पाऊस ओसरू लागला की हे हमखास. मी एक चिमटीत धरून ओढला, तर नुसतं धड हातात आलं. डॉक्टर रागावले : चिमट्यानं कातडीला टेकून धरायचं, सरळ ओढायचं, बोटांत चिरडायचं नाही. गोचिडांमुळं ताप येतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, खाणं सुटतं. असं दिसलं तर रक्त तपासायचं. औषध त्याच्या वजनाप्रमाणं, आणि पॅसेजच्या फटीही साफ करायच्या, कारण गोचिडांचा मुक्काम कुत्र्याइतकाच भिंतीत असतो.

आमच्या घराचे धोके वेगळेच. शीरखुर्म्यातल्या मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, बिर्याणीतला कांदा त्याच्या रक्ताला वाईट, आणि शिजलेलं हाड टोकदार तुटून आतडं फाडतं. मटणाच्या हाडावर पोसलेला कुत्रा ही आमच्या मोहल्ल्यांतली जुनी समजूत आहे, तिच्यामुळं लेकीशी दोनदा भांडण झालं. दिवाळीच्या फटाक्यांत त्याला बाथरूममध्ये ठेवलं, सोबत लेक. पार्किंगमध्ये उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाच्या वड्या सोसायटीला झाकणाच्या डब्यात ठेवायला लावल्या. त्या बैठकीत तासभर चर्चा झाली, त्यातला अर्धा तास फरिश्त्यांवर.

त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे भटक्या कुत्र्यांबद्दलचे आदेश आले. ११ तारखेला दिल्लीतली सगळी उचला, २२ तारखेला निर्बीजीकरण आणि लसीकरण करून पिसाळलेली व हिंस्र वगळता परत सोडा. आमच्या ग्रुपवर दोन तट पडले. मी काही लिहिलं नाही. मला दोन्हीकडचं पटत होतं आणि चाचाचं तिथं सांगावंसं वाटलं नाही.

'बस' आणि 'थांब' शेरूला दोन महिन्यांत जमलं. ताटातला तुकडा समोर ठेवून हुकूम होईपर्यंत न खाणं अजून पक्कं नाही. तीनपैकी दोनदा थांबतो. 'हिदाया'च्या हिशेबानं नापास. नोव्हेंबरपासून तो आत झोपतो, पण नमाजच्या खोलीत नाही, तिथं दार लावलेलं असतं. लसीचं कार्ड अम्मीनं तिच्या पेटीत ठेवलंय, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये. पुढच्या डोसची तारीख मला विचारावी लागत नाही, तीच सांगते.